ब्रूनोची खाज आणि चार अर्ध्या बाटल्या

पत्राचा गोषवारा (नावं बदलली आहेत): पुण्याच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. घरात ब्रूनो नावाचा साडेतीन वर्षांचा, 29 किलोचा लॅब्राडोर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला खाज सुटली, थंडीत कमी झाली आणि यंदा जूनपासून पुन्हा सुरू झाली. रात्रभर पुढचे पंजे चाटतो, काखा आणि पोट लाल झालंय, मानेखालचे केस विरळ झालेत आणि अंगाला 'शिळ्या तेलासारखा' वास येतो. डॉक्टरांनी 'स्किन ॲलर्जी' सांगून इंजेक्शन दिलं. तीन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सोबत दिलेला औषधी शाम्पू एकदा वापरला, पण कातडी कोरडी पडली म्हणून बंद केला. आता बाथरूममध्ये चार अर्ध्या बाटल्या आहेत: बेबी शाम्पू, गोचीड-पिसवांचा शाम्पू, ओटमीलचा आणि तो औषधी. जाऊबाई म्हणतात आठवड्यातून दोनदा अंघोळ घाला, ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते म्हणतात महिन्यातून एकदाच, सासूबाई म्हणतात हळद-खोबरेल लावा. घरात एक मांजरही आहे. ताई विचारतात, "ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी सगळ्यात सौम्य शाम्पू कोणता? एकच नाव सांगा, म्हणजे हे प्रयोग थांबतील."

ताई,

एक नाव सांगून दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण मग तुमच्या बाथरूममध्ये पाचवी बाटली आली असती. तुम्ही पत्रात इतकं बारकाईनं लिहिलंय की उत्तराचा धागा त्यातच सापडतो. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो 'ॲलर्जी' हा शब्द नव्हे, 'वास' हा.

नुसत्या ॲलर्जीला वास नसतो. ॲलर्जीनं कातडी लाल होते, खाजते, सुजते. वास येतो तो त्या खाजवून-चाटून ओलसर झालेल्या कातडीवर जे वाढतं त्याचा. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही मॅलासेझिया नावाचं यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस गटातले जिवाणू थोडे थोडे असतातच. कातडीचा बांध शाबूत असतो तोवर ते गप्प राहतात. ॲलर्जीनं बांध कमजोर झाला, चाटून पंजे कायम ओले राहिले आणि वर पावसाळ्याची दमट हवा आली, की ते वाढतात आणि त्यांची स्वतःची वेगळी खाज सुरू होते. ब्रूनोला आज बहुधा दोन खाजा आहेत, एकीवर एक चढलेल्या. खालची ॲलर्जीची, वरची संसर्गाची. सौम्य शाम्पूनं वरची जात नाही, आणि वरची जात नाही तोवर खालची खरी किती आहे हे कुणालाच कळत नाही, डॉक्टरांनाही नाही.

म्हणून तुमचा प्रश्न थोडा फिरवून घेऊ. सगळ्यात सौम्य शाम्पू कोणता, हे नंतर. आज ब्रूनोच्या कातडीवर नेमकं काय आहे, हे आधी. याचं उत्तर दुकानात नाही, ते डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली मिळेल. कातडीवर चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलतात, रंगवतात आणि काचेवर ठेवून बघतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, कुत्र्याला दुखत नाही. मॅलासेझिया असेल तर भुईमुगाच्या शेंगेसारखे, मधे आवळलेले निळे-जांभळे ठिपके दिसतात. जिवाणू असतील तर बारीक गोल दाण्यांचे पुंजके. त्याच भेटीत कातडी खरवडून माइट, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, आहेत का ते तपासायला सांगा. डेमोडेक्स नावाचे माइट असतील आणि आपण ॲलर्जी समजून स्टेरॉइड देत राहिलो, तर ते आणखी वाढतात. घरातल्या कुणाच्या हातांवर, पोटावर खाजरे पुरळ आले असतील तर तेही सांगा, कारण सार्कोप्टिक खरूज माणसांनाही लागते. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी अंघोळ घालू नका, नाहीतर पट्टीवर येणारं आधीच धुऊन जाईल.

इंजेक्शनबद्दल तुमच्या पत्रात थोडी नाराजी जाणवते. तीन आठवड्यांनी परत तेच झालं म्हणजे डॉक्टर चुकले, असं लगेच समजू नका. पुष्कळदा असं इंजेक्शन लांब मुदतीच्या स्टेरॉइडचं असतं. ते खाज दाबतं, मग खाज कशाचीही असो, आणि अनेकदा तातडीनं आराम द्यायला ते लागतंही. पण तेच ते पुन्हा पुन्हा घेणं बरं नव्हे. तहान-भूक वाढते, कातडी पातळ होते, संसर्गाशी झुंजायची ताकद कमी होते. पुढच्या भेटीत सरळ विचारा: "मागच्या इंजेक्शनचं नाव काय होतं, आणि या वेळी ते देण्याआधी पट्टीची तपासणी करता येईल का?" प्रश्न नम्र आहे आणि पूर्ण रास्त आहे. तुमच्या दवाखान्यात ही सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचं चिकित्सालय तुम्हाला तसं जवळ आहे. इतर वाचकांसाठी मुंबईत परळ, तसंच नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

आता तुमच्या चार बाटल्या एकेक करून हातात घेऊ.

बेबी शाम्पू. बाळाला चालतो तो कुत्र्याला चालणारच, हा विचार बहुतेक घरांत होतो आणि त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. एकदा-दोनदा वापरल्यानं ब्रूनोचं नुकसान झालेलं नाही. पण माणसाची कातडी आम्लधर्मी असते, पीएच साधारण पाच-साडेपाच. कुत्र्याची त्याहून उदासीनाच्या जवळ असते, आणि वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ. म्हणून आठवड्याला लागणाऱ्या अंघोळीसाठी कुत्र्यांचाच शाम्पू घ्यावा. तरी पीएच या एका आकड्याला फार धरून बसू नका. बाटलीवर ठळक अक्षरांत 'पीएच बॅलन्स्ड' छापलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरांत तीव्र सुवास, रंग आणि कडक फेसाचं द्रव्य असतं, असं सर्रास दिसतं.

गोचीड-पिसवांचा शाम्पू. हा आजपासून बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्या घटकांत परमेथ्रिन आहे आणि घरात मांजर आहे. मांजराच्या शरीराला हे रसायन नीट पचवून बाहेर टाकता येत नाही. जास्त प्रमाणात पोटात किंवा अंगावर गेलं तर थरथर, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ओल्या ब्रूनोला मांजरानं चाटलं, किंवा दोघं एका गादीवर झोपले, एवढंही निमित्त पुरतं. शिवाय असला शाम्पू अंगावर आहेत तेवढ्या पिसवा मारतो आणि धुऊन जातो. अंगणातून, जिन्यातून नव्या चढायला वेळ लागत नाही.

पण पिसवांचा मुद्दा मात्र सोडू नका. पिसवांच्या थुंकीची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही आठवडाभर बेजार करतात, आणि अंगावर पिसू दिसेलच असं नाही. घरी एक तपासणी करा. बारीक दातांच्या फणीनं शेपटीच्या मुळापाशी आणि कमरेवर विंचरा. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस-विटकरी वलय पसरलं, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर वलय येत नाही. ब्रूनोची खाज पंजे, काखा, पोट या भागांत आहे, त्यामुळे माझा रोख हवेतल्या आणि घरातल्या ॲलर्जीकडे जातो, मुख्य जागा कंबर आणि शेपटी असत्या तर पिसवांवर असता. तरीही खाजणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला पिसवांचं चोख औषध वर्षभर हवंच. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब घेतलेत तर आधी आणि नंतर 48 तास अंघोळ टाळावी लागते. ब्रूनोला पुढचे काही आठवडे वरचेवर अंघोळ लागणार आहे, म्हणून पोटातून द्यायची गोळी त्याला जास्त सोयीची. अफॉक्सोलॅनरची महिन्याला, फ्लुरालॅनरची साधारण 12 आठवड्यांनी. कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, मग गोळी ठरेल. आणि मांजराचं औषध वेगळं, मांजराचंच. कुत्र्याच्या थेंबांतले अर्धे मांजराला, असं कधीही करू नका.

ओटमीलचा शाम्पू. ही बाटली ठेवा, हिची पाळी येणार आहे. कोलॉइडल ओटमील म्हणजे अगदी बारीक दळलेले ओट्स. ते कातडीवर पातळ थर धरतात, ओलावा राखतात आणि खाज थोडी शमवतात. पण संसर्ग मारत नाहीत. तुम्ही लिहिलंय, "ओटमीलनं दोन दिवस बरं वाटतं, मग परत." हे अगदी अपेक्षित आहे. ॲलर्जीतल्या कुठल्याही चांगल्या अंघोळीचा आराम साधारण एक-दोन दिवसच टिकतो. अंगावरचे परागकण, धूळ, बुरशीचे कण धुतले जातात, कातडी गार होते, ओलावा मिळतो. हा आराम खरा आहे आणि मोलाचा आहे, पण तो उपचारातला एक भाग आहे, सगळा उपचार नव्हे.

चौथी बाटली, जी तुम्ही एकदा वापरून सोडली. तुम्ही पाठवलेल्या नोंदीप्रमाणे तिच्यात 2 टक्के क्लोरहेक्सिडिन आणि 1 टक्का केटोकोनॅझोल आहे. पहिलं जिवाणूंवर आणि यीस्टवरही चालतं, दुसरं यीस्टवर. ब्रूनोच्या वर्णनावरून, चारही बाटल्यांत आज त्याला उपयोगी पडेल अशी हीच दिसते. तुम्ही ती कशी वापरली, हे तुमच्याच शब्दांत असं आहे: "झाकणभर शाम्पू बादलीत ढवळला, अंगावर ओतला, चोळला, धुतला." ताई, यात तुमची चूक नाही, बहुतेकांना कुणी नीट सांगतच नाही. झाकणभर शाम्पू बादलीत गेला की त्यातलं औषध नावापुरतं उरतं, आणि वर ते मिनिटभरच कातडीला लागलं. औषध कामाला लागायच्या आत वाहून गेलं. कातडी कोरडी पडली ती बहुधा कढत पाण्यानं आणि नंतर ओलावा न दिल्यानं.

सौम्यपणा बाटलीत जेवढा असतो तेवढाच तो अंघोळ घालण्याच्या पद्धतीत असतो. म्हणून पद्धत जरा सविस्तर सांगते. डॉक्टरांनी तपासून याच शाम्पूला होकार दिला, असं धरून.

आधी ब्रश करा. लॅब्राडोरच्या आतल्या लोकरी केसांत सुटलेले केस अडकलेले असतात, ते तसेच राहिले तर शाम्पू मुळापर्यंत जात नाही आणि नंतर वाळतही नाही. मग पाणी. पावसाळ्यात नळाचं साधं पाणी बरं, थंडीत जेमतेम कोमट. गरम पाण्यानं खाज भडकते. लॅब्राडोरचे वरचे केस पाणी झटकतात, त्यामुळे तो वरून भिजलेला दिसतो आणि आत कोरडाच असतो. पाठीवरचे केस दोन बोटांनी फाकवून बघा. मुळाशी कातडी चमकत नसेल तर अजून भिजलेला नाही. पाच मिनिटं तरी शांतपणे भिजवा.

अंग तेलकट असेल तर पहिला हात साध्या सौम्य शाम्पूचा, म्हणजे तुमच्या ओटमीलचा. तो मात्र पूर्ण धुऊन काढा. साबण आणि बऱ्याच शाम्पूंमधल्या फेसाच्या द्रव्यांमुळे क्लोरहेक्सिडिन निकामी होतं. राहिलेल्या फेसावर औषध चोळणं म्हणजे औषध फुकट घालवणं.

आता औषधी शाम्पू. बाटलीवर पातळ करा असं लिहिलं नसेल तर पातळ करू नका. 29 किलोच्या कुत्र्याला साधारण 40 मिली लागेल. स्वयंपाकघरातला मापाचा कप वापरू नका, एक वेगळा ठेवा. सुरुवात जिथे सगळ्यात जास्त त्रास आहे तिथून करा: पंजे, बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, पोट, मानेखालच्या घड्या. पाठ शेवटी. म्हणजे आजारी भागाला औषध जास्त वेळ मिळतं. नखांनी घासू नका, बोटांच्या पेरांनी केसांच्या दिशेनं फिरवा. सगळीकडे लागला की तिथून घड्याळ लावा: दहा मिनिटं. ही दहा मिनिटं सगळ्यांना जड जातात, कुत्र्यालाही. त्याला नुसतं उभं ठेवण्यापेक्षा उकडलेल्या लाल भोपळ्याचा लगदा बाथरूमच्या टाइलवर त्याच्या नाकाच्या उंचीला लावा. चाटण्यात पाच-सहा मिनिटं निघून जातात, आणि तो शाम्पू चाटायला वळत नाही.

डोळ्यांना हे औषध लागू देऊ नका, क्लोरहेक्सिडिननं बुबुळाला इजा होऊ शकते. तोंडावर हातानं शाम्पू लावायचाच नाही. ओल्या कापडानं पुसलं तरी पुरे. चुकून डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि डोळा मिचकावत राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानात पाणी जाऊ नये म्हणून कापसाचा सैल बोळा ठेवा, आणि तो काढायचं विसरू नका.

धुणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. लावायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त धुवायला द्या. पाठ लगेच स्वच्छ होते, फेस लपतो तो काखेत, जांघेत आणि बोटांच्या मधे. मग्यानं वरून पाणी ओतून हे भाग निघत नाहीत, एक पाय उचलून धरून खालून पाणी मारावं लागतं. तुमच्याकडे टँकरचं जड पाणी येतं, त्यात साबणाचा तर साका बसतोच. म्हणून कडुनिंबाचा असो की आणखी कसला, वडीचा साबण ब्रूनोला नको. शेवटच्या दोन बादल्या पिण्याच्या पाण्याच्या मिळाल्या तर उत्तम.

मग वाळवणं. पावसाळ्यात निम्मं काम इथे बिघडतं. ओला कुत्रा गोणपाटावर बसला, पंखा लावला, झालं, असं करू नका. दमट केसांत यीस्ट पुन्हा तयार. दोन मोठे सुती पंचे घ्या, घासू नका, दाबून पाणी टिपा. ब्लोअर थंड हवेवर, एक हात लांबून. पंजाची बोटं फाकवून बेचक्या टिपा, तिथे ओल सगळ्यात शेवटी सुटते. अंग पूर्ण वाळल्यावर ओट्स, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेला, न धुता ठेवायचा कुत्र्यांचा मॉइश्चरायझर हलक्या हातानं लावा. तुम्हाला भीती वाटली तो कोरडेपणा इथे आटोक्यात येतो. औषध सोडून द्यायचं कारण उरत नाही.

किती वेळा? जाऊबाई आणि पिल्लू देणारे, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे कुत्रे आहेत. निरोगी लॅब्राडोरला महिन्यातून एकदा पुरतं. संसर्ग असलेल्या ब्रूनोला तीन ते चार आठवडे आठवड्यातून दोनदा. तुम्ही दोघंही नोकरी करता हे लक्षात घेऊन एक तडजोड सुचवते: रविवारी पूर्ण अंघोळ, बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी नुसते चार पंजे, काखा आणि पोट, त्याच शाम्पूनं, तीच दहा मिनिटं. पंजांसाठी प्लास्टिकचा पसरट टब पुरतो. हिशेब असा धरा: 200 मिलीच्या बाटलीत पाच पूर्ण अंघोळी होतात, म्हणजे महिन्याला साधारण दीड बाटली. हे वाचून वाटेल, यापेक्षा पहिल्या तीन बाटल्या स्वस्त होत्या. पण त्या तिन्हींनी मिळून सहा महिन्यांत जे केलं नाही ते यातून होण्याची शक्यता आहे.

संसर्ग गेला, वास गेला, पट्टी पुन्हा तपासून स्वच्छ निघाली, की तुमचा मूळ प्रश्न खरा उपयोगी ठरतो: आता कायमसाठी सौम्य शाम्पू कोणता. नावापेक्षा लेबल वाचायला शिका, कारण बाजारातली नावं बदलत राहतात. घटकांची पूर्ण यादी नसेल तर ती बाटली घेऊ नका. यादी असेल तर फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट ऐवजी डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड असं काही आहे का बघा. सुवास आणि रंग नसलेला घ्या. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे टिकवण्याचं द्रव्य ॲलर्जीला निमंत्रण देणारं म्हणून ओळखलं जातं, ते टाळा. टी ट्री तेल तर नकोच, कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं. ओट्स, ग्लिसरीन, सेरामाइड, फायटोस्फिंगोसिन हे शब्द दिसले तर चांगलं. 'हायपोॲलर्जेनिक', 'नॅचरल', 'व्हेट रेकमेंडेड' या शब्दांवर विसंबू नका, ते पुढच्या बाजूला छापायला फारसं काही सिद्ध करावं लागत नाही. नवी बाटली आणली की आधी मांडीच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस बघा. लाली आली नाही तर मग सगळ्या अंगाला. अशा शाम्पूनं आठवड्याला एक अंघोळ, पावसाळाभर. थंडीत पंधरवड्याला.

सासूबाईंच्या हळद-खोबरेलाबद्दल. त्यांना ब्रूनोची तळमळ बघवत नाही म्हणून त्या सांगतायत, तेव्हा त्यांना नुसतं नको म्हणण्यापेक्षा कारण सांगा. मॅलासेझियाचं खाद्यच कातडीवरचं तेल आहे. आज खोबरेल लावलं तर यीस्टला जेवण वाढल्यासारखं होईल. हळद तो चाटून टाकेल. लिंबू खाजवलेल्या कातडीवर झोंबतं, खाण्याचा सोडा कातडी आणखी कोरडी करतो, आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं कातडी भाजतात, मांजरालाही घातक असतात. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी शेवटी ओतायचं असेल तर ओता, त्यानं अपाय नाही, पण त्यावर संसर्ग सोपवू नका. आणि सासूबाईंसाठी एक महत्त्वाचं काम आहेच: रोज दोनदा फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्यात बुचकळून, बोटांच्या मधे कोरडे करणं. सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत, गाजर गवत, ओली माती जे काही पायाला लागतं, ते त्याच्या जिभेवर जायच्या आत निघालं पाहिजे. रोजची ही पाच मिनिटं महागड्या शाम्पूहून जास्त उपयोगी पडतात.

घरात आणखी दोन गोष्टी बदला. फरशी फिनेलनं पुसत असाल तर नंतर एकदा साध्या पाण्यानं पुसा आणि वाळेपर्यंत ब्रूनोला तिथे लोळू देऊ नका. त्याचं लाल झालेलं पोट नेमकं तिथेच टेकतं. दुसरं त्याचं अंथरूण. गादीचं कव्हर दर आठवड्याला गरम पाण्यात, मशीनमध्ये 60 अंशांवर धुवा. धुळीतले माइट ही कुत्र्यांच्या ॲलर्जीतली फार नेहमीची बाब आहे आणि ते त्या गादीतच राहतात. उन्हाळ्यात केस बारीक कापायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. लॅब्राडोरचे दुहेरी केस ऊन आणि कीटक दोन्हींपासून राखण करतात.

खाण्याकडे वळण्याची घाई करू नका. ब्रूनोची खाज थंडीत कमी होते, हे अन्नाच्या ॲलर्जीशी फारसं जुळत नाही, ती सहसा बारा महिने असते. पुढे डॉक्टरांना शंका आली तर आठ आठवडे एकच नवं प्रथिन देऊन बघावं लागेल, आणि त्यात चिकन, दूध, बिस्किटाचा तुकडा, चवदार औषधी गोळी यातलं काहीही मधे देऊन चालत नाही. ते सुरू कराल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला सांगून सुरू करा.

हे सगळं नीट करूनही खालची, ॲलर्जीची खाज उरेल, कमी पण उरेल. त्यासाठी डॉक्टरांकडे ओक्लासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत, मासळीच्या तेलातलं ओमेगा-3 आहे, ज्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. शाम्पूकडून ते काम मागू नका. आणि काही गोष्टींत रविवारची वाट बघायची नाही: तोंड अचानक सुजणं, श्वासाला त्रास, खाणं सोडणं, ताप, एखादा चट्टा काही तासांत ओला होऊन पसरणं, डोकं एका बाजूला कलणं आणि कानातून घाण येणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

तपासणीच्या दिवशीच मोबाइलमध्ये चार फोटो काढून ठेवा: उजवा पुढचा पंजा बोटं फाकवून, डावी काख, पोट, मानेखालचा भाग. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. एका वहीत रोज रात्री खाजेला दहापैकी एक आकडा द्या, आणि अंघोळीच्या दिवसापुढे फुली मारा. चौदाव्या दिवशी त्याच खिडकीत तेच चार फोटो पुन्हा काढा, वही सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. लाली उतरलेली दिसली तरी शाम्पू त्या दिवशी थांबवू नका, दुसरी पट्टी होईपर्यंत चालू ठेवा.